कासव परत आणायचा शब्द

लोही पॉइंट,
२ जून

चि. इल्मीस,

आत्याचा आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी वाफेच्या न्हाणीची, सौनाची चूल पेटवून बाहेर बाकावर बसून वाचलं, रविवारी परत वाचलं, तरी मला कळेना की तुझी नोकरी गेलीय की आहे.

एप्रिलात म्हणे शाळेने तुला कमी केल्याचा कागद दिला. गावात मुलं कमी झाली, दुसरीचे दोन वर्ग ठेवायचे की एक, ते ऑगस्टात ठरणार, तोवर तू कमी. आणि मे महिन्यात तोच हेडमास्तर ऑर्कट तुला जिन्यात गाठून म्हणतो की तो कागद दरवर्षी कुणाला तरी द्यावाच लागतो, मनावर घेऊ नको, शाळा उघडली की तू आहेसच. मग खरं कोण, कागद की ऑर्कट? मी शाळेच्या स्वयंपाकघरात केस पांढरे केले. तिथे उद्या वाटाण्याचं सूप म्हटलं की उद्या वाटाण्याचं सूप. सूप होईलही आणि नाहीही, मनावर घेऊ नका, असं कुणी म्हणालं असतं तर मी डाव घेऊन मागे लागले असते.

तू लिहितेस की माणूस चांगला आहे. असेल. चांगल्या माणसांनी माझं डोकं जास्त उठवलंय. वाईट माणूस निदान एकदाच काय ते बोलतो.

इथे सगळं ठीक. सरोवरावरून अजून गार वारा येतो, बटाटे उशिरा लावले. व्हाइटफिश मासा चांगला येतोय, धुरी देऊन ठेवलाय. गुडघा दुखतो, पण तो दुखणारच, त्याचं काय लिहायचं. फोन करू नकोस, मला त्यात नुसतं गुरगुर ऐकू येतं आणि मग मी उगाच हो हो म्हणते. पत्र लिही.

शाळा संपली की इकडे ये. पुलापलीकडच्या त्या खालच्या हवेने तू फार विचार करायला लागलीस.

जीव लावते हे लिहून दाखवायची माझी सवय नाही, समजून घे.

लेम्पीआत्या


हॉलिस मिल,
२५ जून

ती. लेम्पीआत्यास,

सा. न. वि. वि. उशीर झाला, रागावू नकोस. रागावलीच असशील तर ते पुढच्या पत्रात थोडक्यात उरकून टाक.

शाळा तेराव्या तारखेला संपली. आमच्याकडे शेवटच्या दिवशी सगळी शाळा व्यायामशाळेत जमते, आईबापही येतात. प्रत्येक वर्गाने वर्षभर पाळलेला प्राणी असतो, कुणाचा ससा, कुणाचे मासे. उन्हाळ्यात त्याला कुणी बघायचं? तर वर्गाच्या बाईंनी. मुलं प्राणी बाईंच्या हातात देतात आणि बाई सगळ्यांच्या देखत म्हणतात की शाळा उघडेल त्या दिवशी मी याला परत घेऊन येईन. मग टाळ्या. ही रीत मी यायच्या आधीपासूनची आहे.

आमचं कासव आहे, पॅनकेक नावाचं. हाताच्या पंजाएवढं, स्वभावाने तुझ्यासारखं. माझी पाळी आली. मनात म्हटलं, मी तर कमी केलेली बाई. पण मुलं बघत होती आत्या. एकीने कासवासाठी टॉवेलची घडी करून आणली होती. मी म्हटलं, परत घेऊन येईन. मि. ऑर्कट शेजारीच होते, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मिस हार्यू, शाळा उघडली की भेटूच. पंखे, पुस्तकं, गालिचा, सगळं वर्गातच ठेवा म्हणाले, उगाच कशाला जिने चढउतर करता.

सोमवारी मी बेकारी भत्त्याचा अर्ज केला. नाक मुरडू नकोस, आधी ऐक. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकाला भत्ता मिळत नाही, कारण सुट्टी म्हणजे बेकारी नव्हे, हे मलाही पटतं. पण शाळा उघडल्यावर परत घेतील अशी वाजवी खात्री नसेल तर मिळतो. माझ्याकडे तर कमी केल्याचा कागद आहे. म्हणून अर्ज केला. आता जिल्ह्याच्या शाळा कचेरीने हरकत घेतलीय. तिथल्या मिसेस थेअर म्हणतात की मिस हार्यूंना परत येण्याची खात्री तोंडी दिलेली आहे. मी विचारलं की मग कमी केल्याचा कागद मागे घेता का? तर म्हणाल्या, तसं नाही करता येणार.

म्हणजे नोकरी द्यायची वेळ आली की मी कमी केलेली, आणि भत्ता द्यायची वेळ आली की मी कामावर. जुलैअखेर फोनवर सुनावणी आहे.

तुला खरं सांगते, भत्ता मिळाला तर या खोल्या राहतील आणि ऑगस्टात काय ठरतंय ते बघायला मी इथे थांबू शकेन. नाही मिळाला तर गाव सोडावं लागेल. मग उद्या जागा निघाली तरी कोण माझ्यासाठी थांबणार? उन्हाळ्यापुरतं काम शोधतेय. आइस्क्रीमच्या दुकानात गेले तर खिडकीत माझीच जुनी विद्यार्थिनी उभी होती. तिने दोन गोळे फुकट दिले, नोकरी नाही दिली.

पॅनकेक सध्या माझ्या न्हाणीच्या टबात राहतो. त्याला स्ट्रॉबेरी आवडतात, कोबी नाही.

तुझ्या बोलण्याची सवय आहे, म्हणून बोलणं थांबवू नकोस.

तुझी,
इल्मी


लोही पॉइंट,
१ जुलै

चि. इल्मीस,

आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून कॉफी गार झाली.

पहिलं, कासव माझ्यासारखं आहे हे लिहिलंस ते मी टपालवाल्या रेनोला वाचून दाखवलं. तो हसला. आता तो रोज विचारतो की कासव आज बाहेर येणार का. तुझ्यामुळे मला हे ऐकावं लागतंय.

दुसरं, नाक मी मुरडणारच. धडधाकट बाईने घरबसल्या पैसे मागायचे हे मला जमत नाही. स्वयंपाकघर जूनमध्ये बंद व्हायचं तेव्हा मी माशांना धुरी दिली, पाहुण्यांच्या झोपड्या धुतल्या, कुणापुढे हात पसरला नाही. तुझा बाप खाण बंद पडल्यावर भत्ता घ्यायला जायचा तर टोपी डोळ्यांवर ओढून जायचा. आर्वो माझा भाऊ, मी त्याला तेव्हाही बोलले. पण तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि मला वाटलं की हे तसं नाही. आमच्या वेळी काम नाही तर नाही सांगायचे. तुला ते नाही पण म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. दार अर्धं उघडं ठेवायचं आणि वर विचारायचं की बाई तुम्ही बाहेर उभ्या का.

तर घे भत्ता. माझी परवानगी तू मागितली नाहीस, तरी देते.

पण हे सुनावणी वगैरे कशाला? एवढीशी गोष्ट. कुणीतरी त्या ऑर्कटला सरळ चार शब्द सांगितले की मिटतं. तुला भीड पडते. मला नाही. मी आजच त्याला एक कार्ड टाकलंय. घाबरू नकोस, शिव्या दिल्या नाहीत, कार्डावर जागाच नव्हती.

कासवाला गांडुळं दे. कोबी मलाही आवडत नाही. टबात उतार कर, नाहीतर त्याला चढता येणार नाही. माझा पावाचा लहान लांब डबा तुझ्याकडे आहे, तो उलटा घातला की होतो उतार.

रेनो थांबलाय. बाकी काय, तुझी आठवण येते तेव्हा मी लाकडं फोडते.

लेम्पीआत्या


(कार्ड)
लोही पॉइंट,
१ जुलै

श्री. डेल ऑर्कट, हेडमास्तर, यांस,

नमस्कार. मी इल्मी हार्यूची आत्या. तुम्ही तिला सगळ्या गावासमोर सांगितलंत की शाळा उघडली की भेटू. तिने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कासव परत आणायचा शब्द दिला. आमच्या घरात दिलेला शब्द फिरवत नाहीत. पहिल्या दिवशी ती कासव घेऊन वर्गात हजर असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. मग हा पोरखेळ कशाला? तिचं जे असेल ते देऊन टाका. उत्तराची गरज नाही.

लेम्पी हार्यू


हॉलिस मिल,
२ ऑगस्ट

ती. लेम्पीआत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र मी दोनदा फाडलं. आता तिसरं पाठवते, जसं असेल तसं.

सुनावणी मंगळवारी झाली. मी न्हाणीतल्या टबाच्या कडेवर बसून फोन घेतला, कारण तिथेच आवाज नीट येतो. एका बाजूला जज बाई, दुसऱ्या बाजूला मिसेस थेअर आणि मि. ऑर्कट. आधी शपथ. मग मी कमी केल्याचा कागद वाचून दाखवला. जज बाई म्हणाल्या, हं, हा स्पष्ट आहे. मि. ऑर्कटना विचारलं की तुम्ही काय म्हणाला होतात. ते म्हणाले, शाळा उघडली की भेटू असं म्हणालो होतो. आवाज पडलेला होता त्यांचा. जज बाई म्हणाल्या की असं तर आपण दुकानातल्या माणसालाही म्हणतो, याला खात्री म्हणता येत नाही. मला वाटलं, सुटले.

मग मिसेस थेअर म्हणाल्या की त्यांच्याकडे एक कार्ड आहे.

त्यांनी ते पूर्ण वाचलं, आत्या. तुझ्या सहीसकट. जज बाईंनी विचारलं की लेम्पी हार्यू कोण? मी म्हटलं, माझ्या वडिलांची बहीण, मला तिनेच वाढवलं. त्यांनी विचारलं की कासवाची गोष्ट खरी का? खरी, म्हटलं. मग त्या म्हणाल्या की मिस हार्यू, नीट आठवून सांगा, त्या दिवशी तुम्ही मुलांना शब्द दिलात तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं? आपण परत येणार असं वाटत होतं की नव्हतं?

काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. नव्हतं वाटत, मुलांचं मन राखायला बोलले. एवढंच. पॅनकेक तुझ्या पावाच्या डब्यावर चढून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, वाटत होतं.

जज बाई थँक यू म्हणाल्या, अगदी हळू.

काल निकाल आला. तोंडी शब्द दिला गेला, देणाऱ्याला तो द्यायचा अधिकार होता आणि घेणारीने त्यावर भरवसा ठेवला, म्हणजे वाजवी खात्री होती. म्हणून भत्ता नाही. पुढे अपील करता येतं, पण मी काय नवीन सांगणार?

तुला दोष देत नाही. तू खोटं काहीच लिहिलं नव्हतंस. पण खरं सांगू, दोन दिवस तुझं अक्षर डोळ्यांपुढे आलं तरी मला रडू येत होतं.

घरमालकीण ऑगस्टअखेर राहू देते म्हणाली. बदल्यात मी तिचा पोर्च रंगवतेय, हिरवा. अजून वाटतं की दुसरीचे दोन वर्ग राहतील. चार नवी कुटुंबं आलीत म्हणे.

गुडघ्याचं लिही. लिहायचं काय त्यात, असं म्हणू नकोस.

तुझी,
इल्मी


लोही पॉइंट,
६ ऑगस्ट

चि. इल्मीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र रेनोने दिलं आणि तो नेहमीसारखा थांबला. मी त्याला जा म्हटलं.

कार्ड मी लिहिलं. ते आपल्या माथी आलं. यावर पानभर लिहून काही व्हायचं नाही, म्हणून एवढंच.

पण एक कळत नाही. तू त्या जज बाईला म्हणायचंस ना की आत्या म्हातारी आहे, कानाने बहिरी आहे, आठवीत शाळा सोडलीय, काहीबाही लिहिते. सगळं खरं आहे. शपथ मोडली नसती. मी रागावले नसते. म्हणजे रागावले असते, पण मला कळलं कसं असतं?

मी तुला जन्मभर सांगत आले की बोललेलं फिरवायचं नाही. तू ते एवढं धरून बसशील हे मला कुठे माहीत. दूध पी सांगितलं तर ओतून द्यायचीस. गरम टोपी घाल सांगितलं तर खिशात. नेमकं हेच बरं ऐकलंस.

बागेत काम करताना मनात एक आलं. भत्ता हवा तर शपथेवर सांगायचं की मला कुणाचा भरवसा नाही. आणि भरवसा नसलेली बाई दुसरीच्या मुलांना शिकवायला ठेवेल कोण? मला हे कायदा करणाऱ्यांना विचारायचं होतं. पण मी आता कुणाला कार्ड टाकत नाही.

सोबत खोकं पाठवते, त्यात धुरी दिलेला मासा आहे, रानातल्या बेरीचा मुरंबा आहे आणि वेलचीचा पाव आहे. पाव वाटेत वाळेल, कॉफीत बुडवून खा. बेरी यंदा कमी लागल्या, अस्वल माझ्याआधी पोचलं. हिरवा रंग दोन हात द्यायचा, एकाने भागत नाही.

गुडघा सुजलाय. घे, लिहिलं.

रडू आलं तरी पत्र उघडत जा, एवढं मागते.

लेम्पीआत्या


लोही पॉइंट,
१७ ऑगस्ट

चि. इल्मीस,

आशीर्वाद. वि. वि. खोकं पोचलं का? मासा पोचला नसेल तर टपालवाल्यांना वासाने कळलं असेल. उत्तर नाही म्हणून लिहिते. रेनो हल्ली कासवाचं विचारत नाही, लांबूनच मान हलवतो, त्यावरून मला कळतं की तुझं पत्र नाही.

दोन ओळी लिही. एक लिहिलीस तरी चालेल.

आत्या


हॉलिस मिल,
२३ ऑगस्ट

ती. लेम्पीआत्यास,

सा. न. वि. वि. खोकं पोचलं. मासा अर्धा घरमालकिणीला दिला, तेव्हापासून ती मला डियर म्हणते. पत्र लिहिलं नाही कारण काल बोर्डाची सभा होती, एकदाच काय ते लिहावं म्हटलं.

दुसरीचा एकच वर्ग राहिला. चार कुटुंबांतली तीन नदीपलीकडच्या शाळेत गेली. तो वर्ग मिस डनलॅपना, त्या माझ्याहून जुन्या. बरोबरच आहे ते.

मि. ऑर्कट सभा संपल्यावर पार्किंगमध्ये आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, इल्मी, मला खरंच वाटलं होतं. मी म्हटलं, मलाही.

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या व्हर्नालाही कमी केलं. तिलाही जूनमध्ये सांगितलं होतं की परत बोलावू. पण तिला आता उन्हाळ्यातल्या सगळ्या आठवड्यांचा भत्ता मागाहून मिळणार. वाढणारी, झाडणारी, बस चालवणारी माणसं परत घेतली नाहीत तर त्यांना मागचं मिळतं. शिकवणाऱ्याला मागचं मिळत नाही, शाळा उघडेल तिथून पुढचं मागता येतं. व्हर्ना मला मिठी मारून म्हणाली की बाई, तुम्ही डाव हातात घ्यायला हवा होता. मला तू आठवलीस.

खोल्या एकतीस तारखेला सोडते. वर्गातलं सामान काढून आणलं. गालिचा मिस डनलॅपनाच ठेवला, त्यांची मुलं जास्त आहेत, जमिनीवर बसतील.

राहिला पॅनकेक. मिसेस थेअरनी निरोप पाठवलाय की तो कुणाबरोबर तरी पाठवून द्या, तुम्हाला यायची गरज नाही. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण मी परत घेऊन येईन असं म्हटलं होतं, पाठवून देईन असं नव्हतं म्हटलं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी जाणार. एकटीने त्या दारातून आत जायचं, मुलं धावत येणार, मिस हार्यू आल्या म्हणणार आणि मी कासव देऊन परत फिरणार. मला ते जमेल की नाही माहीत नाही.

सामान इथे घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये ठेवून तुझ्याकडे यावं का काही दिवस? वरची खोली रिकामी असेल तर.

तुझीच,
इल्मी


लोही पॉइंट,
२७ ऑगस्ट

चि. इल्मीस,

आशीर्वाद. वि. वि. खोली रिकामी असेल तर, असं काय लिहितेस, पाहुणी आहेस का?

मी पिकअप घेऊन येतेय. रेनोचा भाचा टायर बघून गेला. पूल ओलांडून खाली यायला मला आवडत नाही, पण येते. सामान गॅरेजमध्ये ठेवायचं नाही, सगळं गाडीत घालायचं.

शाळेच्या दारातून आपण दोघी जाऊ. तू कासव धर, मी दार धरते. मी तोंड उघडणार नाही, हा माझा शब्द. कार्डसुद्धा बरोबर आणत नाही.

जेवण करून ठेवू नकोस, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी भाजून आणते.

आत्या


लोही पॉइंट,
२० ऑक्टोबर

श्री. डेल ऑर्कट, हेडमास्तर, यांस,

नमस्कार. वि. वि. मी परत कुणाला लिहिणार नाही असं ठरवलं होतं. हे इल्मीला दाखवून, तिच्या हाताने चुका काढून पाठवते. तिने चुका काढल्या, मजकुराला हात लावला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी तुमच्या दारात दार धरून उभी होती ती म्हातारी मीच. तुम्ही मला कॉफी विचारलीत. मी नुसती मान हलवली, कारण बोलायचं नाही असं कबूल केलं होतं. उद्धट समजला असाल. असू दे.

मी सगळं बघितलं. वर्गात बाकं भिंतीला टेकली होती, मिस डनलॅपना वळायला जागा नव्हती. मुलं इल्मीला बिलगली. एकीने विचारलं की तुम्ही कुठे बसणार? इल्मी म्हणाली, मी आज फक्त पॅनकेकला पोचवायला आलेय. मग तिने त्यांना दाखवलं की स्ट्रॉबेरी कशी चुरून द्यायची आणि उतारासाठी डबा कसा घालायचा. तो पावाचा डबा माझा आहे. राहू दे तिथे.

जाताना तुम्ही तिचा हात हातात घेतलात आणि म्हणालात की हिवाळा संपला की बहुतेक एक जागा निघेल, तेव्हा भेटूच.

तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात. मला दिसत होतं. पण पुढचं ऐका. गाडीत बसलो. पूल आला, पूल गेला. मग म्हणाली, आत्या, हिवाळा संपला की बहुतेक जागा निघेल. चेहरा उजळला होता. मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

तिला आता भत्ता लागू झालाय, शाळा उघडली त्या दिवसापासून. उन्हाळ्याचा गेला तो गेला. दर पंधरवड्याला तिला भत्त्याच्या कचेरीला फोनवर सांगावं लागतं की काम शोधलं का, कुणी कामाची हमी दिली का. पहिल्याच वेळी ती मला विचारायला आली की हेडमास्तर हिवाळ्यानंतरचं म्हणाले ते यात सांगायला हवं का? मी म्हटलं, तो बहुतेक म्हणाला. ती म्हणाली, पण आत्या, ते मनापासून म्हणाले. आम्ही स्वयंपाकघरात बसून यावर भांडलो, कॉफी उकळून गेली. शेवटी तिने सांगितलंच. दोन आठवडे सगळं अडकलं, तिकडून कुणीतरी तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात की नक्की काही नाही, मग सुटलं. तुम्ही तो फोन विसरला असाल. इथे ते दोन आठवडे आम्ही दोघी एकमेकींशी जपून बोलत होतो.

म्हणून हे पत्र. भांडायला नाही. माझ्या एका कार्डाने तिचा उन्हाळा गेला, मी कुणाशी कोणत्या तोंडाने भांडू. पण तुम्ही तोंडाने बोललात आणि मी ते लिहून दिलं, म्हणजे आपण दोघांनी मिळून केलंय ते. आता दोघांनी सांभाळायचं. मी लिहायचं थांबवते. तुम्ही असं बोलायचं थांबवा. तिला भरवसा ठेवायची खोड आहे. ती खोड जावी असं मला वाटत नाही, ती गेली तर इल्मी मुलांच्या काय कामाची. त्यामुळे जपायचं ते आपणच.

जागा निघाली तर कागदावर लिहा, सही करा, शिक्का मारा आणि पाठवा. ती त्याच आठवड्यात निघेल, गाडी मी तापवून ठेवते. नाही निघाली तर नाही लिहा. नाही वाचून ती रडेल, मग सौना तापवू, जेवेल, झोपेल. ते मला निभावता येतं.

इथल्या शाळेत बाई आजारी पडल्या की तिला बोलावतात. काल गेली होती. संध्याकाळी येताना मुलांनी काढलेलं चित्र घेऊन आली. तिने त्यांना कासवाची गोष्ट सांगितली होती, तर सगळ्यांनी कासवच काढलंय. एकाने त्याला टोपी घातलीय. ते मी फ्रीजवर लावलंय.

पॅनकेक आता थंडीत कमी खाईल, घाबरू नका. कोबी घालू नका.

लोभ असावा की नाही, ते तुमचा कागद आला की बघू.

लेम्पी हार्यू